सेन्या : डोंगरांचे बेट, किनाऱ्यावरची माणसे

नॉर्वेच्या नकाशावर उत्तर ध्रुववृत्ताच्या बरेच वर, ६९व्या अक्षांशाच्या थोडे पलीकडे, किनाऱ्याला जवळजवळ चिकटून एक मोठे बेट दिसते. त्याचे नाव सेन्या. स्वालबार्डचा द्वीपसमूह वगळला तर हिन्नोयानंतर नॉर्वेतले हे सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे १,५८६ चौरस किलोमीटर. पूर्वेला यिसुंड नावाची चिंचोळी सामुद्रधुनी त्याला मुख्य भूमीपासून वेगळे करते. पश्चिमेला आन्दफ्योर्डच्या पलीकडे आन्दोया बेट आहे, उत्तरेला मालांगेन हा रुंद फ्योर्ड आणि वायव्येला खुला समुद्र. एवढ्या विस्तारात आठ हजारांच्या आसपास माणसे राहतात. त्यांतले जवळजवळ सगळे समुद्रकाठी राहतात आणि बेटाचा अंतर्भाग बहुतांशी निर्मनुष्य आहे.

मराठी वाचकाला नॉर्वे बहुधा भेटतो तो मध्यरात्रीच्या सूर्यातून, ध्रुवीय प्रकाशातून आणि जहाजाच्या कठड्यावरून दिसणाऱ्या कड्यांतून. हे सगळे सेन्यावर आहे. पण या पुस्तकाला पडलेला प्रश्न निराळा आहे. या बेटावर माणसे नेमकी कुठे राहिली, तिथेच का राहिली, आणि काही ठिकाणांहून उठून का गेली? बेटाचा भूगोल गेल्या हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. वस्तीचा नकाशा मात्र पुन्हा पुन्हा बदलला. त्यामुळे वस्ती उभी राहण्याचे आणि उठण्याचे पूर्ण उत्तर डोंगरदऱ्यांत मिळत नाही. समोरच्या समुद्रातला मासा कोणी धरायचा, त्याला भाव काय मिळायचा आणि रस्ता कुठपर्यंत न्यायचा, हे ज्यांनी ठरवले त्यांच्या निर्णयांत ते शोधावे लागते. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. ते पटावे म्हणून आधी बेट नीट पाहायला हवे.

सेन्याचे लोक आपल्या बेटाचे दोन भाग करतात : बाहेरची बाजू आणि आतली बाजू. बाहेरची म्हणजे खुल्या समुद्राकडची, आतली म्हणजे यिसुंड आणि मुख्य भूमीकडची. बोलण्यातली ही विभागणी खडकापर्यंत खोल गेलेली आहे. बाहेरच्या बाजूचे नीस आणि ग्रॅनाइट हे युरोपातल्या अतिप्राचीन खडकांपैकी आहेत. त्यांतल्या काहींचे वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त आहे. आग्नेयेकडच्या भागात मात्र या जुन्या पायावर सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या कॅलिडोनियन पर्वतनिर्मितीत सरकत आलेले, तुलनेने मऊ खडकांचे थर आहेत. हिमयुगांतल्या बर्फाने दोन्ही बाजू कोरल्या, पण सारख्या कोरल्या नाहीत. कठीण खडकात खोल फ्योर्ड, टोकदार सुळके आणि उभे कडे तयार झाले. मऊ खडकात गोलसर टेकड्या आणि रुंद उतार.

कोकणाची पट्टी काढून टाकली आणि सह्याद्रीचे कडे थेट समुद्रात उभे केले, तर जे दिसेल ते बाहेरच्या बाजूविषयी वाचताना डोळ्यांसमोर आणावे. सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि थरांचा. इथला खडक त्याहून कितीतरी जुना आणि सलग. फ्योर्डगोर गावाजवळचा सेग्ला हा सुळका समुद्रसपाटीपासून ६३९ मीटर उंच आहे आणि त्याची एक बाजू जवळजवळ सरळ खाली मेफ्योर्डमध्ये उतरते. बेटावरची सर्वांत उंच शिखरे हजार मीटरच्या आसपास आहेत. हिमालय ऐकून वाढलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटेल, पण इथे उंची पाण्यापासूनच मोजायला लागते आणि पायथा म्हणून काही उरत नाही. अशा किनाऱ्यावर घराला जागा मिळते ती फ्योर्डच्या तोंडाशी किंवा टोकाला, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत. त्या पट्टीवर हिवाळ्यात वरून बर्फाचे कडे कोसळण्याची भीती असते. ग्रिल्लेफ्योर्ड, तोर्स्केन, सेन्याहोपेन, मेफ्योर्डवेर ही बाहेरच्या बाजूची गावे अशाच जागी आहेत.

आतल्या बाजूला चित्र पालटते. बर्फाचा प्रचंड भार उतरल्यावर इथली जमीन हळूहळू वर आली आणि एके काळचा समुद्रतळ उघडा पडला. त्या गाळाच्या जमिनीवर गवत उगवते, बटाटा होतो, गाई आणि मेंढ्या पोसल्या जातात. बर्चची जंगले किनाऱ्यापर्यंत येतात. दक्षिणेकडे ओंडरदालेनच्या खोऱ्यात पाइनचे जुने वन आहे. त्यातली काही झाडे शतकानुशतके उभी आहेत. १९७० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००४ मध्ये त्याचा विस्तार झाला. एकाच बेटावर खुल्या समुद्राचे कडे, शेतीचे उतार आणि पाइनचे रान असल्यामुळे सेन्याला ‘छोटा नॉर्वे’ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

इतक्या उत्तरेला माणसे राहू शकतात याचे पहिले श्रेय समुद्राला द्यावे लागते. अटलांटिकचे कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहत जाते, त्यामुळे इथली बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत आणि किनाऱ्यावरचे सरासरी तापमान शून्याच्या फार खाली उतरत नाही. ग्रीनलंडमध्ये याच अक्षांशावर बर्फाचे पठार आहे, इथे गवताची कुरणे आहेत. प्रकाशाचे गणित मात्र अक्षांशच ठरवतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. कामाचे वर्ष याच लयीवर बांधले गेले आहे. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत गवत कापून साठवायचे, कारण पुढचे सात-आठ महिने जनावर गोठ्यात राहणार. आणि सूर्य परत येतो त्या सुमारास बेटाची मुख्य सुगी सुरू होते. ती समुद्रात असते.

ही सुगी कॉडची. बारेंट्स समुद्रात वाढलेला प्रौढ कॉड दरवर्षी हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी दक्षिणेकडे किनाऱ्यालगत येतो. या स्थलांतर करणाऱ्या कॉडला नॉर्वेत ‘स्क्रेई’ म्हणतात. लोफोतेन बेटांजवळची त्याची मासेमारी जगप्रसिद्ध आहे, पण तिथे पोहोचण्याआधी तो सेन्याच्या बाहेरून जातो आणि काही इथेच अंडी घालतो. या भागात खंडमंचाची कड किनाऱ्यापासून फार लांब नाही, त्यामुळे खोल पाण्यातला मासा लहान होडीच्याही आवाक्यात येतो. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. मासा धरला की जोडीजोडीने शेपटीला बांधून लाकडी वलांडींवर टांगायचा. गोठणबिंदूच्या मागेपुढे रेंगाळणारी थंडी आणि वारा त्याला मिठाशिवाय वाळवतात. मे-जूनपर्यंत तो कडक होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. हा सुका कॉड मध्ययुगापासून बर्गेनमार्गे युरोपभर जात होता आणि त्याच्या बदल्यात उत्तरेकडे धान्य येत होते. ज्या बेटावर धान्य जेमतेम पिकते, तिथे माणसांचे पोट भरण्याचा हा मार्ग होता.

सेन्याचा माणूस जगापासून तुटलेला कधीच नव्हता, याचा सुंदर पुरावा बेटाच्या उत्तर टोकाला मिळाला. १९०५ साली बोटनहाम्न येथे वायकिंग काळाच्या अखेरीचा चांदीचा ठेवा सापडला. त्यातल्या एका कंठवलयावर रून लिपीतला लेख आहे. फ्रीजलंडच्या पोरांना आपण भेट दिली आणि युद्धाची लूट वाटून घेतली, अशा अर्थाचा तो पद्यमय मजकूर आहे. फ्रीजलंड म्हणजे आजच्या नेदरलँड्स आणि जर्मनीचा उत्तर किनारा. हजार वर्षांपूर्वी तिथवर जाऊन आलेल्या माणसाची चांदी ध्रुववृत्तापलीकडच्या या बेटात पुरलेली होती. ते कंठवलय आज ट्रोम्सोच्या विद्यापीठ संग्रहालयात आहे.

वस्तीची गोष्ट नॉर्स लोकांपुरती नाही. फ्योर्डांच्या आत सामी या मूळनिवासी समाजातले किनारी लोक राहत. मासेमारी, थोडी गुरे, शिकार यांवर त्यांचे जगणे चाले. रेनडिअर पाळणाऱ्या सामी कुटुंबांच्या वाटा आणि कुरणेही बेटावर होती. कापरदालेन येथे गवताळ मातीच्या थरांनी शाकारलेले सामी घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वे सरकारने सामींना नॉर्वेजियन करून घेण्याचे धोरण शाळा आणि प्रशासन यांच्यामार्फत राबवले. त्यामुळे किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांनी आपली भाषा सोडली आणि आपण सामी आहोत हे सांगणेही सोडले. या धोरणाची चौकशी करणाऱ्या सत्य व सामोपचार आयोगाचा अहवाल २०२३ साली नॉर्वेच्या संसदेपुढे आला. सेन्याच्या वस्तीचा कोणताही इतिहास ही बाजू वगळून लिहिता येणार नाही. या पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि इतर प्रकरणांतही ती येत राहील.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या बहुतेक घरांचा उद्योग दुहेरी होता. उत्तर नॉर्वेत अशा कुटुंबप्रमुखाला मच्छीमार-शेतकरी म्हणत, पण वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रावर असे आणि शेत चाले ते बायकोच्या हातांवर. दूध काढणे, गवत कापणे, लोकर कातणे, शेवाळ आणि माशांची डोकी उकडून गुरांना घालणे, मुलांना वाढवणे आणि वादळाच्या रात्री वाट पाहणे, हे सगळे तिच्याकडे. सरकारी नोंदींत तिचा उल्लेख क्वचितच कामकरी म्हणून होई. शेत एकटे कुटुंब पोसू शकत नव्हते आणि मासेमारी एकटी बेभरवशाची होती. दोन्ही मिळून मात्र पक्का आधार होता. मासा कमी आला तरी दूध-बटाटे घरात होते. शेताला लागणारी रोकड मासा देत होता. सेन्याच्या किनाऱ्यावर इतक्या लहान लहान वाड्या विखुरलेल्या का, याचे उत्तर या दुहेरी संसारात आहे. प्रत्येक वाडीला थोडे गवत आणि होडी ओढून ठेवायला एक खाच पुरेशी होती.

या संसारावर सावली होती ती व्यापाऱ्याच्या वहीची. मासा घेणारा तोच, पीठ, दोर आणि गळ उधार देणारा तोच, आणि दोन्हीकडचा भाव ठरवणाराही तोच. यिसुंडच्या काठावरचे यिबोस्ताद हे अशा व्यापाराचे जुने ठाणे. पांढऱ्या समुद्राकडून उन्हाळ्यात येणारी रशियन गलबते माशाच्या बदल्यात पीठ देत, तेव्हा मच्छीमाराला दुसरे गिऱ्हाईक मिळे. हा व्यापार १९१७च्या क्रांतीनंतर संपला. खरा बदल १९३८ साली कायद्याने झाला. ताज्या माशाच्या पहिल्या विक्रीचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघाला मिळाला. ट्रोम्सोमध्ये मुख्यालय असलेला हा संघ आजही काम करतो. किनाऱ्यावरच्या माणसाला स्वतःच्या मालाचा भाव ठरवण्यात वाटा मिळाला आणि त्याच्या जोरावर घरे, इंजिनाच्या होड्या, शाळा उभ्या राहिल्या. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण या बदलावर आहे, आणि ते मुद्दाम मोठे ठेवले आहे.

खाणींचा उल्लेखही करायला हवा. हाम्न येथे १८७०च्या दशकात निकेलची खाण सुरू झाली. तिच्यासाठी १८८२ साली पाण्यावर चालणारे वीज केंद्र उभारले गेले, ते युरोपातल्या अगदी पहिल्या काही केंद्रांपैकी मानले जाते. बाजार पडला तेव्हा, १८८६ साली, खाण बंद झाली आणि कामगारांची वस्ती पांगली. स्कालान येथील ग्राफाइटचा उद्योग मात्र टिकला. युरोपात चालू असलेल्या मोजक्या ग्राफाइट खाणींपैकी ती एक आहे, आणि विजेऱ्यांच्या मागणीमुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्लोतल्या नियोजनकारांनी उत्तर नॉर्वेकडे मागास प्रदेश म्हणून पाहिले. विखुरलेल्या वाड्या अकार्यक्षम, लहान शेते आणि लहान होड्या कालबाह्य. माणसांनी मोठ्या गावांत, कारखान्यांत यावे, असा तो विचार होता. त्याला सर्वांत धारदार उत्तर सेन्याच्याच एका माणसाने दिले. ओत्तार ब्रॉक्स यांचा जन्म १९३२ साली तोर्स्केन येथे झाला. शेतीशास्त्र शिकून ते समाजशास्त्राकडे वळले आणि १९६६ साली त्यांनी उत्तर नॉर्वेत काय चालले आहे असा थेट प्रश्न शीर्षकातच विचारणारे पुस्तक लिहिले. मच्छीमार-शेतकऱ्याचे घर अडाणीपणाने चालत नाही, आपल्या हाताशी असलेल्या साधनांचा तो नीट हिशेब करतो, आणि त्याच्या हिशेबात न बसणारी योजना त्याच्यावर लादली तर तो गरीब होतो, अशी त्यांची मांडणी होती. नॉर्वेच्या समाजविचारात त्या पुस्तकाने मोठी उलथापालथ केली. ब्रॉक्स पुढे ट्रोम्सो विद्यापीठात शिकवू लागले आणि १९७३ ते १९७७ या काळात संसदेत होते. या प्रस्तावनेत ज्या एका विचारवंताचे ऋण मोकळेपणाने मान्य करायचे आहे ते हेच.

१९७२ हे साल सेन्याच्या गोष्टीत वळणाचे आहे. त्या वर्षी ट्रोम्सोचे विद्यापीठ सुरू झाले. त्या वर्षी सप्टेंबरात नॉर्वेच्या मतदारांनी युरोपीय समुदायात जाण्यास नकार दिला आणि उत्तरेकडच्या मतदारांनी तो फार मोठ्या बहुमताने दिला. समुद्रावरचा हक्क परक्यांच्या हाती जाईल ही भीती त्यामागे मोठी होती. आणि त्याच वर्षी यिसुंडवरचा, एक किलोमीटरहून लांब पूल खुला झाला. सेन्या मुख्य भूमीवरच्या फिन्सनेसशी रस्त्याने जोडले गेले. पुढच्या दशकांत बाहेरच्या बाजूच्या गावांना बोगदे मिळाले. हूसोय हे फ्योर्डमधले चिमुकले बेट बांधाने जोडले गेले. तिथला वारा इतका जोरदार की काही घरे पोलादी तारांनी खडकाला जखडलेली आहेत. रस्त्याने डॉक्टर जवळ आला, ताजा मासा ट्रकने युरोपच्या बाजारात जाऊ लागला आणि बर्फाच्या कड्यांखालून जाणारा जीवघेणा प्रवास बऱ्याच ठिकाणी टळला. त्याच रस्त्याने दुकान, नोकरी आणि तरुण मुले फिन्सनेसकडे सरकली. पुस्तकात रस्त्याला दोष दिलेला नाही. ज्या गावात काम टिकले तिथे रस्त्याने माणसे आणली, आणि जिथे काम गेले तिथून त्याने नेली.

काम टिकणे आणि जाणे ठरवणारी मोठी घटना १९८९-९० मध्ये घडली. कॉडचा साठा इतका घटला की मासेमारी हंगामाच्या मध्यातच थांबवावी लागली, आणि पुढच्या वर्षापासून लहान नौकांनाही कोटा लागू झाला. त्याआधी किनाऱ्यावरचा तरुण होडी मिळवून कॉड धरायला जाऊ शकत होता. आता त्याला कोटा असलेली नौका विकत घ्यावी लागते, आणि कोट्याची किंमत नौकेपेक्षा जास्त होऊ लागली. पुढे अनेक नौकांचे कोटे एका नौकेवर एकत्र करण्याची मुभा मिळाली. साठा सावरला, हे मान्य करायलाच हवे. मासाच नसेल तर हक्काला अर्थ नाही. पण मासा परत आला तेव्हा तो आधीपेक्षा कमी नौकांवर आणि कमी बंदरांत उतरू लागला. सेन्याहोपेन, हूसोय, ग्रिल्लेफ्योर्ड यांसारख्या ठिकाणी मासळीचे कारखाने चालू आहेत. जिथे खरेदीदार उरला नाही, तिथल्या घरांत आता फक्त उन्हाळ्यात दिवे लागतात.

आजचे सेन्या तीन गोष्टींवर उभे आहे : कॉड, फ्योर्डांतले सॅमन माशांचे पालन आणि पर्यटन. ग्रिल्लेफ्योर्ड ते बोटनहाम्न हा १०२ किलोमीटरचा निसर्गरम्य रस्ता राष्ट्रीय पर्यटनमार्ग म्हणून राखला जातो आणि त्यावरची बर्ग्सबोटन व तुंगेनेसेत ही दर्शनस्थळे प्रसिद्ध आहेत. २०२० साली बेर्ग, तोर्स्केन, त्रानोय आणि लेनविक या चार नगरपालिका विलीन होऊन सेन्या ही एक नगरपालिका झाली. बेटाचे नाव नगरपालिकेला मिळाले आणि तिचे मुख्यालय मात्र मुख्य भूमीवर, फिन्सनेसला आहे. पुलाने सुरू केलेली प्रक्रिया प्रशासनाने पूर्ण केली, असे याकडे पाहता येईल.

पुस्तक बाहेरच्या बाजूपासून सुरू होते, आतल्या बाजूने फिरत दक्षिणेला स्क्रोल्सविकच्या जुन्या हॅलिबट मासेमारीपर्यंत जाते आणि शेवटच्या भागात कोटा, शाळा व घरे यांच्या आजच्या प्रश्नांवर येते. वाचकाने शेजारी नकाशा ठेवावा आणि प्रत्येक गावाचे नाव आले की दोन गोष्टी पाहाव्यात : गावामागे डोंगर किती जवळ आहे आणि गावापुढे समुद्र किती खुला आहे. मग तिसरी गोष्ट या पानांत शोधावी, ती म्हणजे त्या समुद्रावर गावाचा हक्क किती उरला आहे. पहिल्या दोन गोष्टी हजार वर्षे तशाच आहेत आणि त्या असूनही माणसे इथे राहिली. तिसरी गोष्ट माणसांनी बदलली, म्हणून ती माणसांना पुन्हा बदलता येईल. सेन्याच्या वस्त्यांचे पुढचे भवितव्य त्यावरच ठरणार आहे.